मुलांना गावी नेताना



आपल्या थंडीच्या सुट्टीत मी माझ्या मुलीला घेऊन दोह्याला गेले होते. माझी धाकटी बहीण तेथे राहते. ती मराठी शिकायला पुण्याला गेली, तेथेच तिचे लग्न चिपळूणकडच्या एका मुलाशी झाले, आणि नोकरीच्या निमित्ताने दोघांनी कतारमध्ये संसार मांडला. आपल्या बेटावरच्या कितीतरी घरांची आता अशीच गोष्ट आहे. एक भाऊ लंडनला, एक बहीण आखातात, आणि आईवडील वाक्वात किंवा कास्कावेलला. मुले मात्र सगळीकडे फिरतात. या लेखाचा विषय त्या फिरणाऱ्या मुलांचाच आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा बहिणीची गावी जायची तयारी चालली होती. आखातातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. तिच्या यजमानांचीही रजा मंजूर झाली होती. तिसऱ्या दिवशी विमान होते. गावी न्यायच्या वस्तू घ्यायला ती आम्हाला सूक वाकिफमध्ये घेऊन गेली.

सूक म्हणजे बाजार आणि वाकिफ म्हणजे उभा. पूर्वी येथे ओढ्याचे कोरडे पात्र समुद्राला मिळत असे. पाणी चढले की व्यापारी उभ्याउभ्याच माल विकत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. २००३ साली या बाजाराचा बराच भाग आगीत जळाला. मग तो जुन्या पद्धतीने, जाड भिंती आणि लाकडी वाशांचे छत ठेवून, पुन्हा उभा केला गेला. रात्रीचे आठ वाजले होते, तरी हवा भट्टीसारखी होती. मसाल्यांच्या पोत्यांचा वास गल्लीभर पसरला होता. लोकांचे सामान हातगाडीवर घालून म्हातारे हमाल गर्दीतून वाट काढत होते.

बहिणीच्या हातात मोठी यादी होती. सासूबाईंसाठी केशर, सासऱ्यांसाठी खजूर, जावेसाठी अत्तर, शेजारच्या काकूंसाठी बदाम. गावातले कोणी सुटले नव्हते. तिचा मोठा मुलगा सात वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. तिला मी बाबागाडीतून ढकलत होते.

फिरत फिरत आम्ही ससाण्यांच्या गल्लीत आलो. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसले होते. या बाजारात ससाण्यांचे वेगळे रुग्णालयसुद्धा आहे. पक्षी तेथे तपासायला आणतात, त्यांची पिसे, नखे, रक्त पाहतात. भाच्याला याचे फार नवल वाटले. माझ्या मनात मात्र वेगळाच विचार आला. मी बहिणीला विचारले, "मुलांना गावी नेण्याआधी डॉक्टरांकडे नेऊन आणलेस का? मच्छरदाणी घेतलीस का?"

ती हसली. "ताई, तीन आठवडे तर जायचंय. आणि घरचंच गाव आहे, जंगल थोडंच आहे?"

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मावशी, आम्हीसुद्धा घरच्याच गावी गेलो होतो."

बहिणीचे हसू थांबले. तिला सगळे ठाऊक होते, पण ती गोष्ट ती विसरली होती. वाचकहो, तीच गोष्ट मी आज आपल्याला सांगणार आहे.

आमच्या गल्लीतली सुई

काही वर्षांपूर्वी, मुलगी लहान असताना, आम्ही तिघे बहिणीच्या सासरी गेलो होतो. ऑगस्टचा महिना होता. कोकणातला पाऊस, भाताची हिरवी खाचरे, विहिरीचे काठोकाठ पाणी, सारे पाहून आम्ही हरखून गेलो. संध्याकाळी सगळी मंडळी ओटीवर गप्पा मारत बसत आणि मुले अंगणात खेळत. डास चावत होते. आम्ही हातांनी उडवत होतो. मुलीने बिनबाह्यांचे झगे नेले होते. रात्री सगळी भावंडे एका ओळीत जमिनीवर झोपत. ती मजा मोडायला नको म्हणून मच्छरदाणीचे नावही आम्ही काढले नाही.

बेटावर परत आल्यावर विमानतळावर नेहमीप्रमाणे चौकशी झाली. कोठून आलात, कोठे राहता, असे विचारून माहिती घेतली गेली. पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याचा माणूस रक्ताचा थेंब घ्यायला घरी आला. आपल्याकडे ही पद्धत अनेक वर्षांची आहे. त्याने माझे आणि माझ्या यजमानांचे बोट टोचले. मुलगी तेव्हा आजीकडे कास्कावेलला होती. तो म्हणाला, "मुलीचेही रक्त हवे." मी म्हटले, "ती अगदी ठणठणीत आहे. पुढच्या वेळी या." त्याला चहा दिला आणि वाटेला लावले. तो पुन्हा आला तेव्हा आम्ही घरी नव्हतो. आणि मी शिक्षिका! वर्गात मुलांना आरोग्याचा पाठ शिकवणारी.

सप्टेंबरमध्ये मुलीला ताप आला. शाळेत सर्दीची साथ होती. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रवासाबद्दल विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. तापाचे औषध घेतले. ताप उतरला. एक दिवस ती खेळली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती थंडीने कुडकुडू लागली. दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखे तापले, मग घामाने चादर भिजली.

माझी आई पलंगाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "ही थंडी मी पाहिलेली आहे. हिचं रक्त तपासा."

त्याच संध्याकाळी आम्ही रुग्णालयात गेलो. काचपट्टीवर जंतू सापडले. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप होता. औषधे वेळेवर मिळाली आणि मुलगी बरी झाली. पण गोष्ट तेथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची गाडी आमच्या गल्लीत आली. शेजारपाजारच्या घरांत फवारणी झाली. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांची बोटे टोचली गेली. कोणी आम्हाला बोलले नाही. पण मी मान वर करू शकले नाही. त्या सगळ्यांना मी, एका सुईला "पुढच्या वेळी या" म्हणून, ही सुई टोचून घ्यायला लावली होती.

आईला ही थंडी कशी ओळखता आली

आपल्या बेटाला हिवताप नवा नाही. १८६६ ते १८६८ या वर्षांत तापाची भयंकर साथ आली. १८६७ या एका वर्षात तीस हजारांच्या आसपास माणसे तापाने गेली. पोर्ट लुईतल्या ज्यांना जमले त्यांनी उंचावरच्या थंड भागात घरे बांधली. क्युरपीपसारखी गावे त्या काळात वाढली. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या पूर्वजांना असे कोठे जाता येणार? ते राहिले तेथेच राहिले, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण तापातच गेले.

हिवताप डासांमार्फत पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना भारतातच, सिकंदराबादेत, ऑगस्ट १८९७ मध्ये मिळाला. तेच रॉस १९०७ च्या अखेरीस आपल्या बेटावर आले, येथील दलदली आणि ओढे फिरून पाहिले आणि हिवतापाच्या प्रतिबंधावर अहवाल लिहिला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस घरोघर डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि तापाचे कंबरडे मोडले. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे मान्य केले.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, जर्व्हेझ वादळ आले. घरे पडली, जागोजागी पाणी साचले, बांधकामासाठी बाहेरून माणसे आली. त्यांच्या रक्तातून ताप पुन्हा आला, आणि डास तर येथे होतेच. १९८२ पर्यंत रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली. माझी आई त्या वेळी तरुण होती आणि मी तान्ही होते. आमच्या वस्तीत ताप कसा यायचा, फवारणीची माणसे भांडी बाहेर काढायला कशी सांगायची, सगळे तिच्या डोळ्यांपुढे घडले. म्हणून तिला ती थंडी ओळखता आली. आम्हाला, शिकलेल्यांना, आली नाही.

बेटावरच्या डासाने येथल्या येथे दिलेला हिवताप शेवटचा आढळला १९९७ मध्ये. त्यानंतर जे रुग्ण सापडतात ते बाहेरून ताप घेऊन आलेले. पण तो ताप पसरवू शकणारा डास आजही आपल्या बेटावर आहे. फक्त त्याला जंतू मिळत नाही. तो जंतू कोणी आणायचा नाही, एवढ्यावर आपली सुरक्षितता उभी आहे. विमानतळावरची चौकशी आणि घरी येणारी ती सुई यासाठी असते.

घरचे गाव आणि घरचा डास

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. घरच्याच गावी जायचे, मग भीती कसली?

प्रवासातल्या हिवतापाचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात की, हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा नातेवाइकांकडे जाणाऱ्या कुटुंबाला धोका जास्त. याची कारणे साधी आहेत. नातेवाईक जास्त दिवस राहतात, खेड्यात राहतात, पावसाळ्यात जातात, आणि घरचेच म्हणून काळजी घेत नाहीत. ज्यांना वारंवार हा ताप येऊन गेला त्यांच्या शरीरात थोडेफार बळ येते. पण ते बळ गाव सोडल्यावर ओसरते, आणि दोह्यात किंवा मॉरिशसमध्ये वाढणाऱ्या मुलाकडे ते मुळीच नसते. आडनाव वारशाने मिळते, भाषाही मिळू शकते, पण हिवतापाशी झुंजायची ताकद अशी मिळत नाही. कतारमध्येही स्थानिक हिवताप नाही. तेथे सापडणारे रुग्ण भारत, पाकिस्तान, सुदान अशा देशांतून ताप घेऊन आलेले असतात.

उगाच घाबरावे असेही नाही. भारताने या बाबतीत मोठे काम केले आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१५ साली देशात हिवतापाचे सुमारे ११ लाख ६९ हजार रुग्ण होते. २०२३ साली ते सुमारे २ लाख २७ हजारांवर आले. २०३० पर्यंत हा रोग देशातून घालवायचा, असे सरकारचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात तो सगळीकडे सारखा नाही. गडचिरोलीच्या जंगल भागात आणि मुंबईत तो जास्त आहे. मुंबईचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण तेथला डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. १९११ सालीच डॉक्टर बेंटली यांनी मुंबईच्या विहिरींकडे बोट दाखवले होते. म्हणजे विमान उतरल्यावर दोन रात्री मुंबईत आणि मग गाव, असा बेत असला तरी पहिल्या रात्रीपासून सावध राहायला हवे.

आपल्यापैकी काहीजण कामासाठी मादागास्कर, मोझांबिक, कोमोरोस येथे जातात आणि सुट्टीत मुलांना तेथे बोलावतात. तेथला धोका कोकणापेक्षा कितीतरी मोठा आहे. तेथे फाल्सिपारम जातीचा हिवताप असतो, आणि तो लहान मुलाला एक-दोन दिवसांत मरणाच्या दारात नेऊ शकतो. २०२३ साली जगात हिवतापाने ५ लाख ९७ हजार माणसे मेली. बहुतेक सगळी आफ्रिकेत, आणि तेथे मेलेल्या दर चारांपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालची मुले होती.

जाण्याआधी

निदान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. उशीर झाला असला तरी भेटावेच. मुलाचे वजन, वय, नेहमीची औषधे, आणि कोणत्या गावात किती रात्री राहणार, हे लिहून न्यावे. "इंडियाला जातोय" एवढे सांगून भागत नाही. ब्रिटनमधले तज्ज्ञ भारताच्या बऱ्याच भागांसाठी गोळ्या न देता फक्त डासांपासून जपायला सांगतात. अमेरिकेतले तज्ज्ञ जवळजवळ सगळ्या भारतासाठी गोळ्या सुचवतात. म्हणून निर्णय डॉक्टरांनीच, तुमचा प्रवास पाहून, घ्यायचा आहे. आफ्रिकेसाठी मात्र गोळ्या बहुधा लागतातच.

या गोळ्यांबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मुलाची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून देऊ नये. दुसरी, काही गोळ्या लहानांना चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे औषध आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, काही देशांत तर बारा वर्षांखाली नाही. तिसरी, परत आल्यावरही गोळ्या चालू ठेवायच्या असतात. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, तर मेफ्लोक्विन आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. घरी आलो म्हणजे संपले, असे समजू नये. चौथी, आईने गोळी घेतली म्हणून दूध पिणाऱ्या बाळाचे रक्षण होत नाही. आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात. क्लोरोक्विनच्या थोड्या गोळ्या लहान मुलाने गिळल्या तर जीव जाऊ शकतो.

गरोदर बहिणींनी आणि तान्ह्या बाळाच्या आयांनी, जमत असेल तर, धोक्याच्या भागातला प्रवास पुढे ढकलावा हे उत्तम.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये हिवतापाची लस तयार होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेल्या या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. पण ती हिवतापाच्या प्रदेशातच राहणाऱ्या मुलांसाठी आहे. सुट्टीला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

गावात असताना

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून दिवेलागणीला मुलांना पायघोळ आणि पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, सुती कपडे घालावेत. पायांत मोजे घालावेत. दिवसा चावणारा डास वेगळा. तो डेंग्यू आणि चिकनगुनिया देतो, आणि त्याची ओळख आपल्याला २००६ च्या साथीपासून चांगलीच आहे. म्हणजे दिवसाही डास चावू देऊ नयेच.

रात्री मच्छरदाणी हवीच. औषध लावलेली असेल तर फार चांगले. तिला भोक नसावे आणि तिची कड गादीखाली नीट खोचावी. जमिनीवर झोपणाऱ्या भावंडांसाठी मोठी मच्छरदाणी बांधावी. मजा कमी होत नाही, उलट मुलांना ती घरातले घर वाटते! बाळाच्या पाळण्यावर आणि बाबागाडीवर जाळी घालावी.

उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे. डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम चांगले. डीटचे मलम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नये. मोठ्यांनी आधी आपल्या हातावर घेऊन मग मुलाला लावावे. मुलाच्या डोळ्यांना, तोंडाला, जखमेला आणि हाताच्या पंजांना लावू नये, कारण मुले हात तोंडात घालतात. उन्हाचे मलम लावायचे असेल तर ते आधी आणि डासांचे नंतर. घरात झोपायच्या वेळी धुऊन टाकावे.

गोठ्यात कडुनिंबाचा धूर करतात. त्याने डास थोडे दूर जातात, त्यात वाईट काही नाही. पण धूर झाला म्हणून मच्छरदाणी सोडू नये. लसूण खाल्ल्याने, कडू काढा प्यायल्याने किंवा बारीक आवाज करणाऱ्या यंत्राने हिवताप टळत नाही.

आणि पाणी! डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी, पिंपे रिकामी करून घासून कोरडी करावीत आणि टाकीवर घट्ट झाकण असावे. मुलांनाच हे काम द्या. बाजार उभा असलेला बरा, पाणी मात्र उभे राहू नये!

परत आल्यावर

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच आम्ही चुकलो.

डास चावल्यावर जंतू आधी यकृतात जातात, तेथे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. म्हणून चावल्यापासून सात दिवसांच्या आत सहसा ताप येत नाही. तो नंतर येतो, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात लपून बसतात आणि कित्येक महिन्यांनी उठतात. माझ्या मुलीला दोन औषधे दिली गेली. एक रक्तातल्या जंतूंसाठी आणि दुसरे, प्रायमाक्विन, यकृतात लपलेल्यांसाठी. दुसऱ्या औषधाआधी रक्ताची आणखी एक तपासणी करावी लागते, कारण काहींना ते सोसत नाही. तिला चौदा दिवस ते घ्यावे लागले. ताप गेल्यावरही. मध्येच सोडून चालत नाही.

प्रवासानंतर वर्षभर मुलाला केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मोठ्यांसारखी थंडी वाजून ताप येईलच असे नाही. लहान मुलांना नुसती उलटी, जुलाब, खोकला, डोकेदुखी किंवा सुस्ती असू शकते, आणि आपण म्हणतो पोट बिघडले. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आत शिरताच पहिले वाक्य सांगा: "आम्ही अमुक तारखेला अमुक देशातून आलो." आणि रक्त तपासायला सांगा. पहिल्या तपासणीत काही सापडले नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासा. गोळ्या घेतल्या होत्या म्हणून हिवताप होणारच नाही असेही नाही.

फोनवरच्या सासूबाई

सूक वाकिफमधल्या त्या रात्री आम्ही कापडाच्या गल्लीत मच्छरदाणी शोधली. दुकानदाराने पडद्यांची सुंदर जाळी दाखवली, पण मच्छरदाणी काही मिळाली नाही. शेवटी बहिणीने तेथूनच गावी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, मच्छरदाण्या आहेत की माळ्यावर. आम्ही रोजच लावतो. तुम्ही परदेशातली मंडळी, तुम्हाला आत कोंडल्यासारखं होईल म्हणून मागच्या खेपेला काढल्या नाहीत. उद्या धुऊन ठेवते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. गावाला सगळे ठाऊक होते. पाहुण्यांची मर्जी राखायला गाव गप्प बसले होते, आणि पाहुणे गावाची मर्जी राखायला गप्प बसले होते. मध्ये डासाचे फावले.

दुसऱ्या दिवशी बहीण मुलांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गाव, दिवस, वजने विचारली. चिपळूणकडे तीन आठवडे राहायचे तर या मुलांना गोळ्यांची गरज नाही, पण मच्छरदाणी, कपडे आणि मलम यांत कसूर नको, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, असे त्यांनी सांगितले. गडचिरोलीकडे किंवा सुदानला जाणार असता तर माझे उत्तर वेगळे असते, असेही ते म्हणाले. हा त्या दोन मुलांसाठीचा सल्ला आहे. आपल्या मुलांसाठीचा आपण आपल्या डॉक्टरांना विचारावा.

बहीण परतली आहे. मुले मजेत आहेत. तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर परत आल्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि खाली लिहिले आहे: "येथून एक वर्ष."

वाचकहो, मुलांना गावी न्या. जरूर न्या. पूर्वजांची माती, आजीची भाषा, पावसातले भात, हे त्यांना पुस्तकातून मिळणार नाही. शिक्षिका म्हणून मला हे चांगले ठाऊक आहे. फक्त खजूर आणि केशर यांच्या यादीत मच्छरदाणीचे नाव सगळ्यांत वर लिहा. आणि परत आल्यावर आरोग्य खात्याचा माणूस दाराशी आला, तर चहा जरूर द्या, पण मुलांना हाक मारून आधी त्यांची बोटे पुढे करा. मुलगा शाळेत असेल तर तो कधी येतो ते सांगा. घरातले सगळे ठणठणीत असले तरीही. एक थेंब रक्त, क्षणभराची सुई. आपल्या मागच्या पिढ्यांनी या बेटावर तापाची फार मोठी किंमत दिलेली आहे. ती पुन्हा कोणाच्याही मुलाला द्यावी लागू नये.